ऑर्गेनिक कशात घ्यायचं आणि साधं कशात चालतं: भाजीचा तोडा बघून ठरवा

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावजवळ, घरी टोमॅटो आणि थोडी द्राक्षं, आणि सासर पुण्यात, त्यामुळे मी पिकवणाऱ्यांच्या घरात वाढले आणि आता पिशवी घेऊन विकत घेणाऱ्यांत असते. ऑर्गेनिक घेऊ का, परवडेल का, खरंच असतं का ते, हे ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतच असतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. सगळंच ऑर्गेनिक घ्यायची गरज नाही आणि बहुतेक घरांना ते झेपणारही नाही, आमच्या भागात रेट सरळ दीडपट-दुप्पट असतात. पण काही वस्तूंत जास्त पैसे घालणं खरंच उपयोगाचं आहे, आणि त्या कुठल्या हे ओळखायची एक साधी पद्धत आहे, शेतकऱ्याच्या घरात ती सगळ्यांना माहीत असते.

ती भाजी किती दिवसांआड तोडतात ते बघायचं, बस.

आमच्याकडे टोमॅटोचा प्लॉट एकदा चालू झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोडा असतो. सकाळी तोडायचं, कॅरेट भरून गाडी मार्केटला लावायची, आणि ऊन उतरलं की दादा पाठीवर पंप घेऊन परत प्लॉटमध्ये, कारण ढगाळ हवा आली की एका रात्रीत करपा (पानं-फळं करपवणारा रोग) पसरतो आणि फळात अळी शिरली तर अख्खं कॅरेट रिजेक्ट होतं. आता प्रत्येक औषधाच्या (आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात) लेबलवर लिहिलेलं असतं की फवारल्यावर किती दिवस थांबून मग काढणी करायची, कुणाला तीन दिवस, कुणाला आठवडा, कुणाला त्याहून जास्त. समजा आठवडा लिहिलाय, तर मधे एक-दोन तोडे येतातच, आणि लाल झालेलं फळ झाडावर आठ दिवस थांबत नाही, ते पिलपिलीत होतं, मग ते कोण घेणार. म्हणून शेतकरी त्यातल्या त्यात कमी दिवसांचं औषध निवडतो, पण सगळेच निवडतात आणि प्रत्येक वेळी निवडतात असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. यात शेतकऱ्याला शिव्या घालून काही होणार नाही, डाग असलेला टोमॅटो आपणच बाजूला काढून ठेवतो ना.

तर ज्या भाज्या दोन-चार दिवसांआड तोडल्या जातात आणि सालासकट खाल्ल्या जातात त्या सगळ्या एका गटात धरा: भेंडी (ती तर दिवसाआड तोडतात), वांगी, हिरवी मिरची, ढोबळी, टोमॅटो, काकडी, गवार, कारलं, दोडका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही यातच. ऑर्गेनिकवर पैसे घालायचे असतील तर पहिले इथे घाला. वांग्याचं विशेष सांगते, कारण आपल्याकडे वांगं रोजचं आहे. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात आत शिरते आणि एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ती शिरायच्या आधी गाठायला म्हणून परत परत फवारणी होते. याच अळीसाठी बीटी वांगं, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं वाण, आणायचं चाललं होतं जे २०१० साली सरकारने थांबवलं. वांगं कापल्यावर अळी निघाली की आपण वैतागतो, पण आमची आई एक नासकं वांगं निघालं तर तेवढा भाग काढते आणि बाकीचं भरल्या वांग्याला वापरते, मला आता तेच बरोबर वाटतं.

दुसऱ्या गटात ज्या गोष्टी एकदाच काढतात त्या. कांदा, लसूण, बटाटा, रताळं, सुरण, लाल भोपळा. यांची काढणी एकदाच असते, शेवटची फवारणी आणि काढणी यात बरेच दिवस जातात, वर साल निघतं, त्यामुळे इथे साधं घ्या आणि बिनघोर खा. मटारही सोलून खातो, चालेल. कोबी-फ्लॉवर एकदाच काढतात पण या गटात टाकू नका, कारण त्यावर अळी शेवटपर्यंत असते आणि फवारा पानांच्या घडीत नाहीतर गड्ड्याच्या तुऱ्यात जाऊन बसतो. कोबीची वरची तीन-चार पानं सरळ काढून टाका, फ्लॉवर मात्र मिळाला तर ऑर्गेनिक घ्या, नाहीतर महिन्यातून एखाद्या वेळी, थंडीत जेव्हा तो मुळातच चांगला येतो तेव्हा.

पालेभाज्यांचं जरा वेगळं आहे. मेथी महिन्याभरात काढणीला येते, फवारण्या थोड्याच होतात, पण झाली तर ती खायच्या पानावरच होते आणि सोलायला काही नसतं. कढीपत्त्याचं तर युरोपने भारतातून येणाऱ्या मालावर जादा तपासणी लावली होती, भेंडीवरही लावली होती, कीटकनाशकांच्या अंशामुळेच. यावर माझा उपाय म्हणजे कोथिंबीर, मेथी आणि कढीपत्ता घरीच. कढीपत्त्याचं एक झाड मोठ्या कुंडीत वर्षानुवर्षं टिकतं, मेथीला तर पसरट टब आणि स्वयंपाकघरातले मेथीदाणे पुरतात. आणि अजून एक, शहरात नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला पाला विकला जातो, मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला आपण सगळ्यांनी बघितलाय, तिथे प्रश्न औषधाचा नसून जंतूंचा आणि जड धातूंचा आहे, तेव्हा पालेभाजी कुठून येते हे विचाराच.

अमेरिकेतली एक डर्टी डझन नावाची, औषधाचा अंश जास्त सापडणाऱ्या बारा फळं-भाज्यांची यादी दरवर्षी फिरते, त्यात स्ट्रॉबेरी, पालक, सफरचंद वगैरे असतं, आणि लोक ती बघून ठरवतात. ती तिथल्या शेतीची, तिथल्या तपासण्यांवरची यादी आहे. आपल्या भेंडी-गवारीचं त्यात काय कळणार.

फळांत साल टाकून देतो ती साधी चालतात: केळी, कलिंगड, पपई, अननस, सीताफळ, फणस, नारळ. पेरू घेताना ज्याला शेतातच फोमची जाळी आणि वर प्लास्टिकची पिशवी घातलेली असते तो घ्या, फळमाशीसाठी फळ लहान असतानाच घालतात ती, त्यामुळे नंतरचा फवारा सरळ फळावर बसत नाही. द्राक्षांबद्दल मला जास्त बोलायचंय कारण घरचं पीक आहे. द्राक्षावर जी पांढरट लव असते ना, बोटाने पुसली जाते ती, ते औषध नाही, तो फळाचा स्वतःचा मेणासारखा थर आहे आणि तो असणं म्हणजे घड फार हाताळलेला नाही. औषधाचा डाग वेगळा दिसतो, थेंब वाळल्यासारखा, गोल, कडेला जास्त पांढरा किंवा निळसर, आणि मण्याच्या खालच्या टोकाला जास्त असतो कारण थेंब ओघळून तिथे थांबतो. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून, बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. एक्स्पोर्टचा माल निघायच्या आधी लॅबमध्ये तपासला जातो, हातगाडीवरच्या द्राक्षाची तशी प्रत्येक लॉटची तपासणी होत नाही. म्हणून द्राक्षं घ्यायची तर ऑर्गेनिक, नाहीतर ज्या बागायतदाराकडे त्या प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट (औषधाच्या अंशाच्या तपासणीचा कागद) आहे त्याची. रेसिड्यू फ्री आणि ऑर्गेनिक हे दोन वेगळे शब्द आहेत हेही इथेच सांगते. रेसिड्यू फ्री म्हणजे औषधं मारलीत, पण वेळेत थांबून, त्यामुळे काढताना फळात अंश उरलेला नाही किंवा मोजता येण्याइतका नाही. खाणाऱ्याच्या पोटाच्या दृष्टीने मला हा पर्याय अगदी चांगला वाटतो, आणि तो स्वस्तही पडतो.

हापूस पिकवायला कार्बाइड वापरणं कायद्याने बंद आहे, इथिलीन गॅसला परवानगी आहे, आणि ऑर्गेनिकच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न आंब्यात आधी विचारायचा. अढीत गवतावर पिकवलेला घ्या, नाहीतर कच्ची पेटी आणून घरी पिकवा.

धान्यात मी ऑर्गेनिकवर कमी खर्च करते. रब्बीची ज्वारी, मंगळवेढ्याकडची कोरडवाहू, तिला मुळातच फवारण्या फार कमी लागतात. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येते आणि फवारतातही, पण दाणा शेंगेत असतो आणि डाळ करताना वरचं सालही जातं. धान्याचा खरा गोंधळ आपण घरी करतो, वर्षाचं धान्य भरताना त्याला बोरिक पावडर नाहीतर पाऱ्याच्या गोळ्या लावतो. ऑर्गेनिक गहू आणायचा आणि त्यात पावडर कालवायची याला काही अर्थ आहे का. कडक ऊन दाखवा, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावा, कडुनिंबाचा पाला वाळवून घाला, आणि शहरात राहत असाल तर वर्षाचं भरूच नका, दोन महिन्यांचं आणा.

आता गूळ, कारण ऑर्गेनिक हा शब्द सगळ्यात जास्त गुळावर चिकटवलेला असतो. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना वर मळी येते, ती काढायला पूर्वीपासून भेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी घालतात, मळी त्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढता येते. असा गूळ तांबूस-चॉकलेटी होतो. पण बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून त्यात हायड्रॉस नावाची पावडर घालतात, रंग उजळतो आणि गंधकाचा अंश गुळात राहतो. तेव्हा पिवळा गूळ नको हे खरंच, पण काळा गूळ म्हणजे ऑर्गेनिक हे मात्र खोटं. काळा म्हणजे फार तर केमिकल न घालता उकळलेला, ऊस कसा वाढवला हे त्या ढेपेकडे बघून कळत नाही. मी स्वतः एका प्रदर्शनात दुप्पट पैसे देऊन ऑर्गेनिक लिहिलेली ढेप आणली होती, घरी येऊन कागद बघितला तर त्यावर ना लायसन्स नंबर ना कुठला लोगो, नुसतं हिरवं पान छापलेलं. तेव्हापासून मी गुळात केमिकलविरहित एवढंच बघते आणि तेवढ्याचेच पैसे देते.

लोगोंचं सांगते, हे एकदा समजून घ्या म्हणजे फसवणूक अर्धी कमी होते. पॅकबंद माल ऑर्गेनिक म्हणून विकायचा तर सर्टिफिकेट लागतं आणि ते दोन प्रकारचं असतं. एक एनपीओपी, २००१ पासूनचं, ज्यात बाहेरची संस्था येऊन तपासते, एक्स्पोर्टला हेच चालतं. दुसरं पीजीएस, ज्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात आणि हमी देतात. पीजीएसमध्ये पीजीएस ग्रीन असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ जमीन अजून बदलाच्या काळात आहे, आणि पीजीएस ऑर्गेनिक असेल तर तो काळ पूर्ण झालाय. हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं लागतात, त्या काळात शेतकऱ्याचं उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव मात्र साधाच मिळतो, म्हणून पीजीएस ग्रीन दिसलं तर मी मुद्दाम घेते. एनपीओपी आणि पीजीएस ऑर्गेनिक या दोन्हींवर २०१७ च्या नियमांनुसार जैविक भारतचा हिरवा लोगो यायचा, २०२५ मध्ये त्याच्या जागी एकच युनिफाइड इंडिया ऑर्गेनिक लोगो आणायचं ठरलं, आणि शेजारी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी लायसन्स नंबर. हे पाकिटावर नसेल तर बाकी नॅचरल, फार्म फ्रेश, विषमुक्त, शुद्ध, देशी काहीही लिहिलेलं असू दे, ते फक्त शब्द आहेत. गावरान हाही तसाच. गावरान म्हणजे बियाणं जुनं, स्थानिक, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंनी जे जपलं आणि ज्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली ते, त्याची चव आणि मोल वेगळंच आहे, पण गावरान वांग्यावरही फवारणी होऊ शकते. आणि सर्टिफिकेट पद्धतीचं असतं, प्रत्येक पाकिटाचं नाही, हेही लक्षात ठेवा. २०२० साली भारतातून गेलेल्या तिळात युरोपला इथिलीन ऑक्साइड सापडलं, त्यात ऑर्गेनिक म्हणून विकलेला माल पण होता.

ऑर्गेनिक म्हणजे अजिबात फवारणी नाही असंही समजू नका. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, गंधक, निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) हे चालतं, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावतात, तेव्हा पानावर निळसर छटा दिसली म्हणून लगेच शेतकऱ्याला खोटारडा ठरवू नका.

आता जो शेतकरी स्वतः भाजी घेऊन बसतो त्याला लहान उत्पादक म्हणून थेट विक्रीला सर्टिफिकेटची सक्ती नाही, तर त्याला ओळखायचं कसं. त्याला ऑर्गेनिक आहे का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. दादा, करप्याला काय मारता, असं विचारा. वांग्यातल्या अळीला काय करता. शेवटची फवारणी कधी झाली. खत कुठलं, घरची जनावरं किती आहेत. शेजारच्या बांधावरून औषध उडून येत नाही का. जो खरंच करतो तो या प्रश्नांना लांबलचक उत्तरं देतो, त्याची तक्रारच सुरू होते, की ताई गेल्या पावसात अर्धा प्लॉट गेला, दशपर्णीला गोमूत्र मिळत नाही, शेजारी ऐकत नाही. जो नुसता शंभर टक्के ऑर्गेनिक एवढंच म्हणतो त्याच्याकडून मी काही घेत नाही. दुसरी खूण म्हणजे त्याच्या पाटीत काय नाही ते बघा. भर पावसाळ्यात टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी, बारा महिने सगळं एकसारखं ज्याच्याकडे मिळतं त्याने ते कसं आणलं हा प्रश्न पडलाच पाहिजे. पावसाळ्यात तर टाकळा, कुर्डू, कर्टुली, भारंगी, शेवळं या रानभाज्या येतात, ज्यांना कुणी खतही घातलेलं नसतं आणि औषधही मारलेलं नसतं, आदिवासी बायका वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका.

धुण्याबद्दल. नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं हे सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं भांड्यात बुचकळून काढणं नाही. अमेरिकेत २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला होता, लिटरला १० ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन औषधं निघून गेली, पण दोन्ही थोडीफार सालाच्या आत मुरली होती, त्यातलं एक जास्त, आणि ते आतलं निघालं नाही. म्हणजे वरचं जातं, आत शोषलेलं जात नाही, आणि आजकालची बरीच औषधं झाडात शोषली जाणारी असतात, म्हणून तर तोडा बघायला सांगतेय. साबण, डिटर्जंट भाजीला लावू नका. मी सोड्याचं पाणी द्राक्षं, टोमॅटो, ढोबळीला वापरते, भेंडीला नाही, ती चिकट होते, तिला ओल्या फडक्याने एकेक पुसते.

ऑर्गेनिकमध्ये जीवनसत्त्वं जास्त असतात का, हा प्रश्न हमखास येतो. २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, पोषणात ठळक फरक मिळाला नाही, औषधांचा अंश मात्र ऑर्गेनिकमध्ये कमी. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. मी पोषणासाठी जास्त पैसे देत नाही. लहान मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त खातं, त्यामुळे घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर पहिल्या गटातल्या भाज्या ऑर्गेनिक घ्या, बजेट कमी असेल तर तेवढ्याच.

आणि माझं स्वतःचं सगळ्यात मोठं कारण जेवणाच्या ताटात नाहीच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्यापर्यंत औषधाचा अंश येतो, पण पंप ज्याच्या पाठीवर असतो त्याच्या अंगावर ते अख्खं येतं. दादा फवारून आला की वहिनी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत टाकते, तो डोळे चोळत ओसरीवर बसतो, आणि दीड-दोन तास त्याला जेवण जात नाही. बाटलीवरचा त्रिकोण लाल असला तर ते सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे त्यालाही माहीत आहे, पण मजूर मिळत नाही आणि उन्हात मास्क घालून श्वास घेता येत नाही.

म्हणून मला वाटतं दुकानात पाकीट शोधण्यापेक्षा दहा घरांनी मिळून एक शेतकरी धरावा. आम्ही तसं केलंय. दादाला सांगितलं की पाच गुंठे आमच्यासाठी बिन औषधाचे ठेव, हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक घराने थोडे पैसे आधी दिले, म्हणजे बियाणं आणि मजुरी निघाली आणि पीक गेलं तरी तो एकटा बुडणार नाही. अटी दोनच ठेवल्या, काय येईल ते तो ठरवणार, आणि किडकं निघालं तरी आपण ते कापून वापरायचं. आठवड्यातून एकदा, तो मार्केटला येतो त्याच गाडीत आमच्या पिशव्या येतात. गेल्या वर्षी टोमॅटो जवळजवळ आलाच नाही, पण गवार, दोडका, अंबाडी आणि चवळीच्या शेंगा इतक्या आल्या की शेजारी वाटल्या. यंदा त्याने वांगी लावलीत, प्लॉटमध्ये कामगंध सापळे टांगलेत आणि किडलेले शेंडे वहिनी रोज सकाळी हाताने खुडते. पहिला तोडा पुढच्या आठवड्यात आहे.